राजधानीतील संग्रहालये आणि आपण



या व्याख्यानमालेत दरवर्षी साहित्यिक येतात, प्राध्यापक येतात. यंदा होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावले आहे हे कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारले, "बाई, मधुमेहावर बोलणार की सांधेदुखीवर?" आज दोन्हींना सुट्टी. मी बोलणार आहे हैदराबादच्या संग्रहालयांवर. हे व्याख्यान पुढे पुस्तिकेत छापले जाईल आणि आपल्या घरोघरी जाईल, म्हणून समोर बसलेल्यांशी आणि उद्या वाचणाऱ्यांशी मी एकदमच बोलते आहे.

विषय सुचला तो दवाखान्यातच. पेशंटची हकीकत घेताना मी इकडचे तिकडचेही विचारते. हैदराबादला किती वेळा गेलात? वीस-पंचवीस वेळा. काय पाहिले? मोठा दवाखाना, हायकोर्ट, एखादे सरकारी ऑफिस, लेकीचे घर, आणि एकदा चारमिनार. संग्रहालय? शाळेच्या सहलीत सालारजंगचे घड्याळ पाहिले होते. जवळपास प्रत्येक घरचे उत्तर असेच असते. आणि ही घरे कालपरवा इकडे आलेली नव्हेत. पैनगंगेच्या या काठावर ती चार-पाच पिढ्यांपासून आहेत. त्यांच्या पणजोबांच्या जमिनीचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जमा होत होता.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते. हैदराबाद ही आपल्या घराण्यांची जुनी राजधानी आहे. तिथल्या संग्रहालयांत आपला इतिहास ठेवलेला आहे. पण त्यावर 'मराठी' अशी पाटी लावलेली नाही. तो ओळखायला आपल्यालाच जावे लागेल, आणि नातवंडांना दाखवावाही आपल्यालाच लागेल.

आधी थोडा हिशेब मांडू. पहिल्या सालारजंगांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे संस्थानाची जिल्हेवार रचना घातली. आपला हा भाग तेव्हा सिरपूर-तांडूर म्हणून ओळखला जाई. 1905 मध्ये आदिलाबाद हा पुरा जिल्हा झाला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे याच संस्थानात होते. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुराही तिकडे गेले, आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. 2 जून 2014 पासून आपण तेलंगणात आहोत. 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट बदलली नाही. आपली राजधानी हैदराबादच राहिली. किनवटच्या आतेभावाची राजधानी मुंबई झाली, राजुऱ्याच्या मावसबहिणीचीही झाली. आपली तीच राहिली. सोयरीक आजही दोन्ही काठांवर होते, पण दोन्ही काठांचा 1956 पूर्वीचा सामायिक इतिहास बघायचा तर मुंबईत तो फारसा सापडणार नाही. तो हैदराबादेत आहे.

आता एकेक संग्रहालय घेऊ. सुरुवात सालारजंगपासून करू, कारण ते मुसी नदीच्या काठावर आहे आणि इमलीबनच्या बसस्टँडवरून फार लांब नाही.

एका माणसाने जमवलेल्या वस्तू म्हणून या संग्रहालयाची ख्याती आहे. तो माणूस म्हणजे तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान. जन्म 1889 चा. वडील वारले तेव्हा ते तान्हे होते. 1912 ते 1914 ही दोनच वर्षे ते निजामाचे दिवाण होते. नंतरचे सारे आयुष्य त्यांनी वस्तू जमवण्यात घालवले. लग्न केले नाही. 1949 मध्ये ते वारले तेव्हा मागे वारस नव्हता, आणि दिवाण देवडीच्या खोल्या वस्तूंनी भरलेल्या होत्या. तिथेच 16 डिसेंबर 1951 ला पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. 1961 मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. 1968 मध्ये ते आजच्या इमारतीत आले.

आत गेल्यावर गर्दी घड्याळापाशी असते. दर तासाला दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटा वाजवतो. मुलांना तो दाखवाच. नंतर 'बुरख्यातील रिबेका' पाहा. इटालियन शिल्पकार बेन्झोनी याचे हे शिल्प पहिल्या सालारजंगांनी 1876 मध्ये रोममध्ये घेतले. दगडाचा बुरखा इतका तलम आहे की त्यामागचा चेहरा दिसतो. संगमरवरात हे कसे जमले असेल, याचा विचार करत माणसे बराच वेळ उभी राहतात. तुम्हीही राहा.

पण त्यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारा: याचे पैसे कुठून आले? सालारजंग घराण्याची जहागीर मोठी होती. तिकडे कोप्पळ, इकडे अजिंठा, असे दूरदूरचे भाग तिच्यात होते. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखाली जोंधळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा साराही या दालनांत आहे. हे मी कडवटपणाने सांगत नाही. एखाद्या वस्तूचे मोल कोणी दिले हे कळले की ती जास्त जवळची वाटते. आपल्या आजोबांनी बांधलेल्या विहिरीकडे आपण जसे बघतो, तसे त्या शिल्पाकडे बघता येते.

परदेशी घड्याळे आणि चिनी मातीच्या बरण्यांपाशी वेळ संपवू नका. बिदरीच्या वस्तू जरूर बघा. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून ही कला करतात, आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने तिला काळा रंग येतो. आपल्यापैकी काही घरांत पणजीचे बिदरीचे पानदान अजून माळ्यावर असेल. नात काचेतले पानदान बघेल आणि म्हणेल, "आजी, असलेच आपल्या घरी आहे!" त्या क्षणी घरातल्या अडगळीची किंमत तिला कळलेली असते. ती कोणत्याही भाषणाने कळत नाही.

पहिल्या सालारजंगांबद्दल डॉक्टर म्हणून दोन शब्द. मीर तुराब अली खान 1853 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. तीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला. त्यांच्या आधी सरकारी दप्तरे घराण्यांच्या हाती होती. त्यांतले एक मोठे दप्तर रायरायां या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. हळूहळू सालारजंगांनी कारभार पगारी नोकरांकडे आणला. 1883 मध्ये हा माणूस पटकीने गेला. संस्थानातला सर्वांत सामर्थ्यवान दिवाण, आणि आज मीठ-साखर-पाण्याने ज्यात जीव वाचू शकतो अशा रोगाने गेला. त्यांच्या तसबिरीसमोर उभे राहून नातवंडांना हे सांगा. जरीच्या अंगरख्याआड एक माणूस होता हे त्यांना कळेल.

संग्रहालयाबाहेर आल्यावर पुलावर जरा थांबा. पलीकडच्या काठावर उस्मानिया दवाखान्याची जुनी घुमटांची इमारत दिसते. तिच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला महापूर आला, हजारो माणसे वाहून गेली. त्या चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे सांगतात. पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले, आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. याच शहरात, सिकंदराबादेला, 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. बेगमपेटला त्यांचे स्मारक आहे. आदिलाबादकरांनी ते पाहायलाच हवे. एके काळी सरकारी नोकराला आदिलाबादची बदली म्हणजे काळे पाणी वाटे, ते या हिवतापामुळेच.

आणखी एक सुचवते. आपण पेशंट घेऊन हैदराबादला जातो. एकजण पेशंटपाशी बसतो, बाकीचे दोघे-तिघे चार दिवस लॉजवर भिंतीकडे पाहत काढतात. काळजीने माणूस जास्त खचतो. आळीपाळीने दोन तास संग्रहालयात जाऊन या. पेशंटला सांगायला काहीतरी नवे मिळेल, आणि ते ऐकायला त्यालाही बरे वाटेल.

आता पब्लिक गार्डनमधले राज्य संग्रहालय. सालारजंगइतकी गर्दी इथे नसते. मुले ममी पाहायला येतात. इजिप्तहून आणलेली ती ममी निजामाला भेट मिळाली आणि त्याने ती संग्रहालयाला दिली. मुलांना ती पाहू द्या. तुम्ही मात्र अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती शोधा.

अजिंठा निजामाच्या मुलखात होता हे आपण विसरतो. 1914 मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. चित्रांचे पोपडे पडत होते, म्हणून 1920 च्या सुमारास इटलीहून जाणकार कारागीर बोलावून ती पक्की करून घेतली. यझदानींनी अजिंठ्यावर चार मोठे खंड सिद्ध केले. संस्थानाच्या चित्रकारांनी गुहांत बसून चित्रांच्या प्रती काढल्या. त्याआधी इंग्रज सैन्यातल्या रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून काढलेल्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनला आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या अनेक प्रतीही 1885 च्या आगीत गेल्या. त्यामुळे हैदराबादच्या प्रतींना मोल आहे. शंभर वर्षांपूर्वी ती चित्रे कशी दिसत होती, त्याची ती साक्ष आहे. पैठणचे उत्खननही 1930 च्या दशकात याच खात्याने केले. पैठण आणि अजिंठा यांवर ज्यांचे मन आहे, त्यांच्यासाठी हैदराबाद हे परके शहर कसे असेल?

याच संग्रहालयात पटनचेरूच्या जैन मूर्ती आहेत, सुमारे बाराव्या शतकातल्या. हैदराबादजवळचे पटनचेरू हे एके काळी जैनांचे मोठे ठिकाण होते. आज तिथे कारखाने आहेत. काळ्या दगडातले तीर्थंकर मी पाहते तेव्हा हात आपोआप जोडले जातात, आणि लगेच लक्षात येते की हे देऊळ नाही. इथे अभिषेक नाही, आरती नाही. पण देऊळ मोडल्यानंतर, गाव बदलल्यानंतर, पूजा करणारी माणसे निघून गेल्यानंतरही ही मूर्ती कोणीतरी उचलून सावलीत ठेवली, खाली नाव लिहिले. समाज विरळ झाला तरी त्याची खूण उरते ती अशी. आपल्या मराठी समाजाबद्दलही मला इथेच विचार करावासा वाटतो. आपल्या घरांतली मुले इंग्रजी शाळेत जातात, रस्त्यावर तेलुगू बोलतात, आणि त्यात गैर काही नाही. पण पन्नास वर्षांनी आपली खूण कशात उरेल?

तिसरे ठिकाण पुरानी हवेली. इथे निजाम म्युझियम आहे, 2000 मध्ये लोकांसाठी उघडलेले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव 1937 मध्ये झाला, तेव्हा आलेली मानपत्रांची करंडके, चांदीच्या इमारतींच्या प्रतिकृती आणि नजराणे इथे आहेत. सहाव्या निजामाच्या कपड्यांचे कपाट 176 फूट लांब आणि दुमजली आहे, वर जायला हाताने फिरवायचा लाकडी पाळणा आहे. इथला सोन्याचा डबा 2018 मध्ये चोरीला गेला आणि सापडलाही, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल.

हे वैभव पाहताना 1937 हे साल डोक्यात ठेवा. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1940 मध्ये, आपल्या जिल्ह्यात जोडेघाटला कुमरम भीम आणि त्याचे साथी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. जमीन आणि जंगल यांवरच्या हक्कासाठी गोंड लढत होते. त्या लढ्यानंतर सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाला पाठवले. 1943 मध्ये मारलवाईला गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना सुरू झाली. तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागात शाळा आणि बाजार यांची ओळखीची लिपी मराठीचीच होती. गोंड, मराठी आणि तेलुगू माणसांचे या मातीत किती एकमेकांत गुंतलेले आहे, ते या एका गोष्टीवरून दिसते.

तेव्हा पुरानी हवेली पाहिली तर जोडेघाटही पाहा. तिथे आता कुमरम भीमचे स्मारक-संग्रहालय आहे. हैदराबादला मासाब टँकजवळ आदिवासी संग्रहालय आहे, तेही पाहा. राजवाड्यातल्या करंडकाची दुसरी बाजू तिथे दिसते. जुन्या दुखण्यात मी एकाच माणसाच्या तोंडची हकीकत पुरेशी धरत नाही, घरच्यांनाही विचारते. इतिहासालाही तसेच विचारावे.

आता थोडे व्यवहाराचे. शुक्रवार टाळा, त्या दिवशी ही प्रमुख संग्रहालये बंद असतात. एका दिवशी एकच संग्रहालय, आणि त्यातही तीन-चारच दालने. पाय दुखायला लागले की डोळे बघायचे थांबतात. मध्ये बसा, पाणी प्या. निघण्याआधी कोणती दालने खुली आहेत ते विचारून घ्या. आम्हा सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना तर ही सहल फारच सोयीची, कारण संध्याकाळी पाचला दरवाजे बंद होतात आणि माणूस वेळेवर ताटावर बसतो.

मराठी पाटीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. ते काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे आहे. प्रत्येक वस्तूसमोर तीन प्रश्न नातवंडांना घाला. ही वस्तू कुठे तयार झाली? इथे कशी आली? आणि आपल्या घरात, आपल्या गावात हिच्यासारखे काय आहे? उत्तरे चुकली तरी चालतील. पण बोला मराठीत. 'पानदान', 'करंडक', 'अंगरखा', 'जहागीर', 'सारा' हे शब्द वस्तू समोर असताना कानावर पडले तर राहतात. पाठ्यपुस्तकातून ते राहत नाहीत.

आणि शेवटचे, ज्याच्यासाठी खरे तर मी इतके बोलले. हैदराबादहून परत आलात की घरातली जुनी पेटी उघडा. आपल्या घरांत मोडीतली खाती आहेत, उर्दूतल्या सनदा आणि पट्टे आहेत, पटवारीपणाचे कागद आहेत, लग्नाच्या याद्या आहेत. घर पाडून फ्लॅट बांधताना हे सगळे रद्दीवाल्याकडे किलोवर जाते. देशमुख-देशपांड्यांचीच घरे असे नव्हे, दुकानदारांच्या, शिंप्यांच्या, शेतकऱ्यांच्या घरांतही कागद असतात. मोडी वाचणारे आपल्या जिल्ह्यात आता बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. जुन्या सरकारी उर्दूचे जाणकारही म्हातारे होत आहेत. ते असेपर्यंतच हे कागद वाचून घेता येतील.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, वर्षातून एक सहल हैदराबादच्या एखाद्या संग्रहालयाला काढावी, आणि त्याआधी त्या संग्रहालयाची चार पानांची मराठी माहितीपत्रिका आपणच तयार करावी. दुसरी, प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या पेटीतल्या कागदांची साधी यादी करून मंडळाकडे द्यावी. कागद देऊ नका, ते तुमचेच आहेत. फक्त कोणता कागद, कोणत्या लिपीत, कोणत्या सालचा, इतके लिहा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पेटीत कडुनिंबाचा पाला टाका आणि ती ओलीपासून दूर ठेवा.

यादीची सुरुवात माझ्या घरापासून करते. सासऱ्यांच्या पेटीत मोडीतल्या तीन वह्या आणि उर्दूतले अकरा कागद आहेत. त्यांची नोंद आज मी अध्यक्षांच्या हाती देते आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानापर्यंत आपण सर्वांनी आपापली यादी आणावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.